शारदेचा हिशेब

कांहीं नाटकांचें असें होतें कीं, त्यांची लोकप्रियताच त्यांच्या अर्थावर पांघरूण घालते. गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' हें अशा नाटकांपैकीं एक होय. १८९९ सालीं किर्लोस्कर मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें. त्याला आज सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी त्यांतील पदें महाराष्ट्राच्या कानांतून गेलेलीं नाहींत. नाट्यसंगीताची बैठक बसली आणि शारदेचें एखादें पद झालें नाहीं, असें सहसा घडत नाहीं. पण त्याच बैठकींतील रसिकांस कोणी विचारावें कीं, शारदेचा सौदा कोणीं जुळविला, त्यांत कोणाच्या पदरांत काय पडावयाचें होतें, आणि तो मोडला तो नेमका कोणत्या कारणानें मोडला, तर बहुतेकांस उत्तर सुचत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. पदें उरलीं आणि हिशेब विसरला. हा विसरलेला हिशेब पुन्हां मांडून पाहावा, आणि त्याच्या शेजारीं विजय तेंडुलकर यांचें 'कमला' (१९८१) व आमच्या विदर्भांतील 'तेरवं' हीं दोन अलीकडचीं नाटकें ठेवावीं, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा उद्योग आम्ही केवळ रसग्रहणाच्या हौसेनें आरंभलेला नाहीं. आम्ही यवतमाळ जिल्ह्यांतील बाभुळगांव ह्या तालुक्याच्या गांवीं अध्यापन करतों. मुलूख कापसाचा. पाऊस आणि बाजारभाव ह्या दोहोंनीं साथ दिली तर वर्ष निभावतें. न दिली तर सावकाराची पायरी चढावी लागते. कर्जापायीं जीव दिलेल्या शेतकऱ्यांच्या संबंधानें ह्या जिल्ह्याचें नांव देशभर झालें, हें वाचकांस ठाऊकच आहे. गांवावरून जाणारी सडक एकीकडे यवतमाळला व दुसरीकडे धामणगांवच्या स्टेशनाला पोंचते, आणि धामणगांवाहून मुंबई-हावडा मार्गावरील गाडी माणसाला देशाच्या कोणत्याहि टोंकाकडे नेऊं शकते. लग्नाच्या किंवा नोकरीच्या नांवाखालीं विदर्भांतील मुली मध्यप्रदेश, राजस्थान, गुजरात अशा दूरच्या प्रांतांत विकल्या गेल्याच्या फिर्यादी गेल्या कांहीं वर्षांत वर्तमानपत्रांतून वारंवार आल्या आहेत. ज्या वयाच्या मुलींविषयीं त्या फिर्यादी असतात, त्याच वयाच्या मुली आमच्या वर्गांत बसतात. अशा ठिकाणीं 'शारदा' कशी वाचावी आणि कशी शिकवावी, हा केवळ अभिरुचीचा प्रश्न राहत नाहीं.

या व्यापाराला आज जीं नांवें रूढ आहेत, तींच प्रथम तपासलीं पाहिजेत. वर्तमानपत्रें 'मानवी तस्करी' म्हणतात; सरकारी कागदांत 'अनैतिक मानवी वाहतूक' असा शब्दप्रयोग आढळतो. तस्करी म्हटलें कीं काळोखी रात्र, निर्मनुष्य किनारा व तोंडाला फडकीं बांधलेलीं माणसें डोळ्यांपुढें उभीं राहतात. वाहतूक म्हटलें कीं मोटार, आगगाडी आणि जकातनाका. दोन्ही शब्द मनाची दिशाभूल करणारे आहेत. हा व्यापार कित्येकदां दिवसाउजेडीं, ओळखीच्या माणसांच्या मार्फत, मांडव घालून व अक्षता टाकून चालतो. कायद्याला ही गोष्ट उशिरां कां होईना, पण उमगली आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें माणसांच्या व्यापारास आरंभापासूनच बंदी केली. परंतु त्या व्यापाराची सविस्तर व्याख्या दंडसंहितेंत आली ती २०१३ सालीं, ३७० व्या कलमांत. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमांत आहे. धाकदपटशा, जबरदस्ती, पळवून नेणें, फसवणूक, सत्तेचा दुरुपयोग हीं साधनें त्या व्याख्येंत आहेतच. पण आणखी एक साधन तींत नमूद केलेलें आहे. ज्याचा त्या व्यक्तीवर ताबा असेल त्याची संमति मिळविण्यासाठीं पैसा किंवा लाभ देणें वा घेणें, हें तें साधन. शोषणाच्या हेतूनें अशा रीतीनें कोणाला मिळविलें, नेलें, ठेवून घेतलें किंवा स्वीकारलें, तर तो गुन्हा. आणि त्या व्यक्तीची स्वतःची संमति होती कीं नव्हती, हा मुद्दा गैरलागू. एवढें ध्यानांत ठेवून वाचकांनीं 'शारदा' उघडावी.

उघडल्याबरोबर दिसतें तें हें कीं, ह्या नाटकांत मुलगी पळविणारा कोणीहि नाहीं. पैसेवाला थेरडा भुजंगनाथ हा वर, कांचनभट हा मुलीचा बाप, आणि दोघांच्या मध्यें भद्रेश्वर दीक्षित. देवलांची खरी नाट्यदृष्टि ह्या तिसऱ्या पात्रांत आहे, असें आमचें मत आहे. म्हाताऱ्याची वासना आणि बापाचा लोभ हे विकार जगाच्या आरंभापासून आहेत. पण ते दोन विकार एकमेकांना सांपडतात ते मध्यस्थामुळें. ज्याला जें ऐकावयाचें आहे तें त्याला ऐकविणें, हीच भद्रेश्वराची विद्या. म्हाताऱ्याला तो त्याच्या वयाचा विसर पाडतो आणि लोभ्यापुढें लाभाचें चित्र उभें करतो. ह्या सबंध व्यवहारांत कोठें आरडाओरडा नाहीं, कोठें कुलूप फोडलेलें नाहीं. सर्व कांहीं गोड बोलून होतें. २०१३ सालच्या कायद्यानें जें साधन शब्दांत बांधलें, तें देवलांनीं ११४ वर्षें आधीं तीन पात्रांत उभें करून दाखविलें होतें. समाजसुधारणेच्या चळवळींतील अनेक व्याख्यानांनीं 'जरठ-कुमारी विवाह' हें पाप म्हणून वर्णिलें. देवलांनीं तो व्यवहार म्हणून दाखविला. पापाचा धिक्कार करतां येतो. व्यवहार मात्र समजून घ्यावा लागतो, आणि समजला तरच थांबवितां येतो.

देवलांच्या ह्या गुणाची थोरवी मान्य करूनहि त्यांच्या एका दोषाकडे लक्ष वेधणें जरूर आहे. त्यांनीं पात्रांचीं नांवेंच अशीं ठेवलीं आहेत कीं, पात्र रंगभूमीवर येतांच प्रेक्षकानें त्याला ओळखावें. सोन्याला लालचावलेला तो कांचनभट, विळखा घालणारा तो भुजंगनाथ. नाट्यदृष्ट्या ही सोय खरी. पण शिक्षणाच्या दृष्टीनें हा अपाय आहे. खऱ्या जगांतील भद्रेश्वराच्या कपाळावर कांहीं लिहिलेलें नसतें. तो मावशीच्या ओळखीचा असतो, कधीं गांवांतलीच सासरीं नांदलेली बाई असते, कधीं मजुरीला नेणारा मुकादम असतो. दुष्ट माणूस पाहिल्याबरोबर ओळखूं येतो, हा जो विश्वास नाटकानें व पुढें चित्रपटानें आपल्या मनांत रुजविला, त्याचा फायदा खऱ्या दलालाइतका दुसऱ्या कोणालाहि झालेला नाहीं.

आतां सौदा मोडण्याचें कारण पाहावें. येथें ह्या नाटकाचें मर्म आहे, आणि टीकाकारांनीं त्याला द्यावें तितकें महत्त्व दिलेलें नाहीं. कोदंड हा तरुण हें लग्न मोडावयास उभा राहतो, आणि तें मोडतें तें वरवधू सगोत्र असल्याचें उघडकीस आल्यामुळें. म्हणजे काय झालें, याचा विचार करावा. बापानें मुलगी विकली, म्हणून लग्न मोडलें काय? नाहीं. वर आजा शोभेल इतका म्हातारा होता, म्हणून? तेंहि नाहीं. मुलीची इच्छा नव्हती, म्हणून तर मुळींच नाहीं. विक्रीला हरकत घेण्यास समाजाजवळ शब्दच नव्हता. शब्द होता तो गोत्राला. गोत्र निराळें असतें तर शारदेला सोडविण्यास कोणाच्याहि हातीं कांहीं नव्हतें. कित्येक समीक्षकांस ही देवलांनीं काढलेली पळवाट वाटते. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या समाजापुढें तें नाटक व्हावयाचें होतें, त्या समाजाची मोजपट्टीच देवलांनीं रंगभूमीवर ठेवली, आणि ती किती आंखूड आहे हें प्रेक्षकाला दिसूं दिलें.

येथें कोणी म्हणेल कीं, शास्त्रांत कन्याशुल्काचा निषेध होताच. होता, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत, जाणत्या बापानें मुलीबद्दल अल्पहि शुल्क घेऊं नये, घेतल्यास तो अपत्यविक्रयी होतो, असें सांगितलेलें आहे. धन देऊन केलेल्या विवाहाला आसुर विवाह हें निंदाव्यंजक नांवहि आहे. परंतु निषेध पोथींत राहिला आणि व्यवहार मांडवांत चालला. उलट पक्षीं आणखी एक विवेक केला पाहिजे. आमच्या भागांतील अनेक जातिजमातींत मुलीच्या बापाला देज देण्याची चाल पूर्वापार होती. पांढरपेशा वाचक तिला सरसकट विक्री म्हणूं पाहतो, तें बरोबर नाहीं. जेथें मुलगी माहेराच्या हांकेच्या अंतरावर नांदते, जेथें जांच झाल्यास चार पंच बसतात, जेथें तिला परत येण्याची वाट असते, तेथें देज हा दोन घरांमधील संबंधाचा भाग आहे. विक्रीचें लक्षण पैशाच्या देवघेवींत तितकें नाहीं, जितकें मागची वाट बंद करण्यांत आहे. पैसा दिला आणि मुलगी अशा ठिकाणीं गेली कीं, तेथें तिची भाषा कोणाला येत नाहीं, तिचें नांव बदलतें, आणि तिची विचारपूस करणारें माणूस पोंचूं शकत नाहीं. मग मंगलाष्टकें म्हटलीं काय आणि न म्हटलीं काय, ती विक्रीच.

शारदेच्या बाबतींतहि वाट बंदच होते. लग्न मोडल्यावर ती सुटली असें कोणास वाटावें, तर ती नदीकडे जीव देण्यास निघते. कारण लोकांच्या लेखीं ती आतां ना कुमारिका ना सौभाग्यवती. विकणारा, विकत घेणारा व जुळविणारा हे तिघेहि आपापल्या घरीं जाऊं शकतात. नदीचा रस्ता मात्र विकली जाणारीच्या वांट्याला येतो. पुढें कोदंड तिला वांचवितो आणि शंकराचार्यांच्या अनुज्ञेचा आधार मिळून दोघांचें लग्न होतें. प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. परंतु सोडवलेल्या मुलीला जगावयाचें असेल तर दुसरें लग्न हाच काय तो मार्ग, हा सिद्धान्त त्या गोड शेवटाच्या पोटांत दडलेला आहे. सुटून आलेल्या मुलीला गांव पुन्हां घरांत घेतो कीं नाहीं, ह्यावर ती दुसऱ्यांदा विकली जाते कीं नाहीं हें पुष्कळदां अवलंबून असतें. तेथें कोदंड येत नाहीं; भद्रेश्वर मात्र पुन्हां येतो.

'शारदे'नंतर तीस वर्षांनीं, १९२९ सालीं, बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि तो हरबिलास सारडा यांच्या नांवानें 'सारडा कायदा' म्हणून प्रसिद्ध झाला. मराठींत त्याचा उच्चार 'शारदा कायदा' असा होऊं लागल्यामुळें तो देवलांच्या नायिकेच्या नांवानें झाला, अशी समजूत अजूनहि कानीं येते. समजूत चुकीची, पण अर्थपूर्ण आहे. कायद्यानें वय मोजलें. आणि तें मोजणें अवश्य होतें. पण वय हेंहि गोत्रासारखेंच एक माप आहे. एकोणीस वर्षांची मुलगीहि विकली जाते, आणि तिच्या लग्नपत्रिकेंत कायद्याला बोट ठेवावयास जागा सांपडत नाहीं. दंडसंहितेच्या नव्या व्याख्येंत शोषणाचे जे प्रकार नांवानें दिले आहेत, त्यांतहि विवाहाचें नांव नाहीं.

हा दोष केवळ आमच्याच समाजाचा, असें मात्र कोणी समजूं नये. ज्या इंग्रजी विद्येवर आमची पिढी पोसली, तिच्या मायदेशांतील एक प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. १८८५ सालीं लंडनच्या 'पॉल मॉल गॅझेट' पत्राचा संपादक डब्ल्यू. टी. स्टेड यानें, लंडनांत मुली विकत मिळतात हें सिद्ध करण्यासाठीं, तेरा वर्षांची एक मुलगी पांच पौंडांना विकत घेण्याचा व्यवहार घडवून आणला आणि त्याचा वृत्तांत छापला. देश हादरला, मुलींचें संमतिवय तेरावरून सोळावर नेणारा कायदा त्याच वर्षीं झाला. पण स्टेडवर खटला होऊन त्याला तीन महिन्यांची शिक्षाहि झाली. ती कोणत्या मुद्यावर झाली, तें पाहण्यासारखें आहे. त्यानें मुलीच्या आईशीं व्यवहार केला होता. बापाची संमति घेतलेली नव्हती. आमच्याकडे गोत्र, त्यांच्याकडे बापाची सही. दोन्हीकडे मुलीला विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं.

पुरावा मिळविण्यासाठीं खरेदी करणारा हाच स्टेड शंभर वर्षांच्या आंत आमच्या रंगभूमीवर आला, तो 'कमला' नाटकांतील जयसिंग जाधवाच्या रूपानें. १९८१ सालीं 'इंडियन एक्स्प्रेस'चे बातमीदार अश्विनी सरीन यांनीं एक स्त्री २,३०० रुपयांना विकत घेऊन बायकांचा बाजार भरतो हें जगापुढें मांडलें होतें. तेंडुलकरांनीं त्या घटनेवरून हें नाटक रचलें. जयसिंग हा दिल्लींतील नांवाजलेला पत्रकार. तो बिहारमधील लुहारदगाच्या बाजारांतून कमला नांवाची आदिवासी स्त्री २५० रुपयांना घेऊन येतो आणि तिला पत्रकारपरिषदेपुढें उभी करणार असतो. त्याची पत्नी सरिता तिला न्हाऊं घालूं म्हणते, नेसावयास धड लुगडें देऊं म्हणते. त्याला तें नको असतें. पुरावा जसाच्या तसा दिसला पाहिजे! परिषदेंत पत्रकारांनीं त्या स्त्रीला काय काय विचारलें, तें जयसिंग व त्याचा मित्र जैन मागाहून हंसत हंसत सांगतात. तो हंसण्याचा प्रसंग मराठी नाट्यवाङ्मयांतील अत्यंत क्रूर प्रसंगांपैकीं एक आहे, आणि त्यांत कोणी कोणावर हात उगारलेला नाहीं.

त्याच रात्रीं कमला सरितेला, धन्यानें तिला केवढ्याला आणलें, असें अगदीं निरागसपणें विचारते. ह्या एका प्रश्नानें सरितेचे डोळे उघडतात. आपणहि ह्या घरांत आणलेली एक वस्तु आहों, हें तिला कळतें. इब्सेनची नोरा दार लोटून निघून गेली, ती १८७९ सालीं. सरिता जात नाहीं. नोकरी गेलेल्या नवऱ्याजवळ ती त्या घटकेला राहते, पण आपला दिवस येईल हा निर्धार मनाशीं बांधून राहते. हें चित्रण अधिक खरें आहे, याबद्दल आम्हांस शंका नाहीं. शंका आहे ती निराळी. सरितेला जाग आणून देण्याचें काम झालें कीं कमलेचें ह्या नाटकांतील काम संपतें. तिला आश्रमांत पोंचविलें जातें आणि नाटक मध्यमवर्गीय दांपत्याच्या दुःखांत रंगून जातें. जयसिंगानें कमलेचा उपयोग बातमीसाठीं केला; तेंडुलकरांनीं तिचा उपयोग सरितेसाठीं केला. हा आरोप कठोर वाटेल, आणि कित्येक म्हणतील कीं, प्रेक्षकाला आपणहि तिला विसरलों याची बोंच लागावी, हाच नाटककाराचा डाव आहे. तसें असेल तर तो डाव पुरा साधलेला नाहीं. आम्हीं हें नाटक वाचून झाल्यावर अनेकांशीं चर्चा केली आहे. सरिता पुढें काय करील यावर लोक तासभर वाद घालतात, पण कमलेचें पुढें काय झालें असेल हें विचारणारा विरळा.

'कमले'मध्यें आणखी एक पात्र आहे, त्याकडे आमच्यासारख्या इंग्रजी पढलेल्यांनीं विशेष लक्ष द्यावें. काकासाहेब हे जुन्या वळणाचे, देशी भाषेंतील पत्र चालविणारे गृहस्थ. ही बातमी इंग्रजींत छापून ज्या लोकांत हें घडतें त्यांना तिचा काय उपयोग, असा त्यांचा रोख आहे. संशोधनाच्या बाबतींतहि हा रोख तंतोतंत लागू पडतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या पुढाकारानें २००२-०३ मध्यें स्त्रिया व मुलें यांच्या व्यापारासंबंधीं देशव्यापी संशोधन झालें आणि २००५ मध्यें तें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांत पीडित स्त्रियांबरोबर दलाल, कुंटणखान्यांचे चालक, गिऱ्हाइकें आणि पोलिस यांच्याहि मुलाखती घेतल्या आहेत. म्हणजे हिशेबाचा प्रत्येक रकाना भरण्याचा यत्न केलेला आहे. रविंदर कौर यांनीं २००४ सालीं दूरदूरच्या प्रांतांतून उत्तरेकडे होणाऱ्या लग्नांचा अभ्यास प्रसिद्ध करून, त्यांचा संबंध एकीकडे दारिद्र्याशीं व दुसरीकडे मुलींच्या घटलेल्या संख्येशीं कसा आहे, तें दाखविलें. २०११ च्या जनगणनेंत हरियाणांत दर हजार पुरुषांमागें ८७९ स्त्रिया होत्या. जेथें मुलींना जन्मूं दिलें नाहीं, तेथें सुना बाहेरून आणाव्या लागतात, आणि गरजेच्या जागीं मध्यस्थ उभा राहतो. दूरचें प्रत्येक लग्न विक्रीचें असतें असें म्हणणें अर्थातच अन्यायाचें होईल. कित्येक घरें सुखानें नांदत आहेत. पण हीं सर्व पुस्तकें ज्या आईबापांनीं वाचावीं, त्यांच्या भाषेंत तीं नाहींत.

संशोधन करणाऱ्यास जयसिंग होण्याचा मोह पावलोपावलीं असतो, हें 'कमले'पासून शिकावें. पीडित स्त्रीकडून तिची कथा पुनः पुन्हां वदवून घेणें, तिचें नांव-गांव कळेल असें लिहिणें, तिच्या हालांतून आपली पदवी किंवा पदोन्नति काढणें, हीं सर्व त्या पत्रकारपरिषदेचींच रूपें आहेत. ह्याच्या उलट उदाहरणहि महाराष्ट्रांत आहे. मुंबईच्या कामाठीपुऱ्यांत १९८६ सालीं सुरू झालेल्या 'प्रेरणा' ह्या संस्थेनें तेथील स्त्रियांच्या मुलांसाठीं रात्रीच्या निवाऱ्याची सोय केली. आईच्या धंद्याच्या वेळीं मूल त्या खोलींत राहूं नये, म्हणजे पुढची पिढी त्याच व्यवहारांत ओढली जाणार नाहीं, ही त्यांतील दृष्टि. मोठ्या सिद्धान्तापेक्षां रात्रीची एक चटई व एक दिवा पुष्कळ वेळां अधिक प्रतिबंध करतात; परंतु चटई कोठें घालावी हें कळण्यास आधीं त्या आयांची अडचण समजून घ्यावी लागते. आमच्या मतें संशोधन तें हेंच.

आतां तिसऱ्या नाटकाकडे वळूं. 'तेरवं' हें श्याम पेठकर यांनीं लिहिलें व हरीश इथापे यांनीं बसविलें. त्याचा विषय मनुष्यविक्रय नव्हे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या मागें राहिलेल्या स्त्रियांचें तें नाटक आहे. तरी आम्ही त्याला ह्या मालिकेंत बसवितों, याला दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, कर्ता पुरुष गेलेलें, कर्ज अंगावर असलेलें आणि मुली लग्नाच्या झालेलें घर म्हणजे भद्रेश्वराला उघडें दार. हुंडा नको, लग्नाचा खर्चहि आम्हीच करूं, असें कोणी म्हणतांच ज्या घरांत आनंदाश्रु येतात, तें हें घर. दुसरें कारण वाङ्मयीन आहे. ह्या नाटकांत त्या स्त्रियाच भूमिका करतात. शारदेसाठीं कोदंड बोलला, आणि १८९९ सालीं तर शारदेची भूमिकाहि पुरुषानेंच केली; कमलेसाठीं जयसिंग बोलला. येथें मात्र जिच्यावर गुदरलें तीच उभी राहून बोलते. २०१९ च्या जानेवारींत यवतमाळ येथें भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचें उद्घाटन त्यांच्यापैकींच एका भगिनीनें केलें, हें वाचकांच्या स्मरणांत असेल. व्यासपीठ तेंच, माणसांची दाटी तीच. पण कमलेला जेथें दाखविलें, तेथें ही स्वतः बोलली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंत मराठी रंगभूमीनें ह्या प्रश्नांत काय कमाई केली, असें कोणीं विचारल्यास आम्ही हाच फरक दाखवूं.

येथें एका जुन्या आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. वाङ्मयाला असें कामाला जुंपणें म्हणजे त्याचा अधिक्षेप करणें होय, असें म्हणणारे रसिक आजहि आहेत. ना. सी. फडके व वि. स. खांडेकर यांच्या काळांत कलेसाठीं कला कीं जीवनासाठीं कला, हा वाद महाराष्ट्रानें पुरेसा ऐकला. तो पुन्हां उकरण्याची आमची इच्छा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, 'शारदे'ची पदें गाऊन हिशेब विसरणें ही कलेची सेवा नसून कलाकृतीचा अर्धा भाग टाकून देणें आहे. भद्रेश्वराचें गद्य गाळलें तर शारदेच्या पदांतील भीति कशाची, तेंच कळत नाहीं. भीतीला कारण असतें, आणि तें कारण नाटककारानें मेहनतीनें रचलेलें असतें.

ह्या दृष्टीनें वर्गांत 'शारदा' वाचतांना आम्हीं एकदां पदें बाजूला ठेवून फळ्यावर चार रकाने आंखले: कोण, काय देतो, काय घेतो, काय गमावतो. भुजंगनाथाचा, कांचनभटाचा व भद्रेश्वराचा रकाना मुलींनीं पांच मिनिटांत भरला. चौथ्या ओळींत शारदेचें नांव लिहिल्यावर 'देतो' आणि 'घेतो' ह्या दोन्ही जागा मोकळ्या राहिल्या. जवळच्या खेड्यांतून येणारी एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, हिचं नांव ह्या ओळींत नकोच. ती देणारी-घेणारी नाहीं; ती त्यांच्या दुसऱ्या रकान्यांतली वस्तु आहे." आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत देवलांवर याहून नेमकी टीका आमच्या ऐकिवांत नाहीं. मग त्यांच्यांतच बोलणें सुरू झालें. लांबचें स्थळ आलें तर पहिल्यानें काय विचारावें? वराकडचें दुसरें कोणी ह्या गांवांत पूर्वीं आलें आहे काय? लग्न मुलीच्या गांवींच नोंदवितां येईल काय? मध्यस्थाला दोन्हीकडून काय मिळणार आहे? मुलीजवळ तिचे कागद व तिचा फोन राहील काय? महिन्यानें भेटावयास कोण जाणार, आणि जाण्यायेण्याचें भाडें आतांच बाजूला कोण काढून ठेवणार? हे प्रश्न आम्हीं दिलेले नव्हते. ते त्यांना नाटकांतून सुचले होते.

म्हणून आमची सूचना अगदीं साधी आहे. जेथें जेथें 'शारदा' अभ्यासाला आहे किंवा बसविली जाते, तेथें तिचें गद्य गाळूं नये. भद्रेश्वराचें काम करणारा नट अधिकांत अधिक गोड बोलणारा निवडावा, म्हणजे प्रेक्षकालाहि तो क्षणभर आवडेल आणि त्या आवडण्याचीच त्याला धास्ती वाटेल. 'कमला' शिकवितांना परीक्षेला सरितेवर प्रश्न घालावा, पण कमलेवरहि एक घालावा. आणि ज्या तालुक्यांत ही भीति जिवंत आहे, तेथील मुलींनीं आपल्या बोलींत चौथें नाटक लिहावें. त्यांत गोत्राची पळवाट नसावी, कोदंडाची वाट पाहणें नसावें. सौदा मोडावा तो, मुलीनें हिशेब विचारला आणि मध्यस्थाला उत्तर देतां आलें नाहीं, ह्या कारणानें मोडावा. तसें नाटक कोणीं लिहिल्यास त्याचें परीक्षण करण्याची आमची उत्सुकता मोठी आहे.